खुनाच्या केसमध्ये जन्मठेप लागली, आता हायकोर्टात अपील कसं करायचं

आधीच सांगतो, मी वकील नाही. फौजदारी वकिलांकडे कारकून म्हणून बरीच वर्षं काढली, नकलेच्या अर्जापासून हायकोर्टाच्या फायलिंग काउंटरपर्यंत सगळी पायपीट केली, त्यातून जे कळलं ते लिहितोय. चाकू, सुरा, कोयता, सत्तूर, कशाने का असेना, भोसकून मारल्याच्या केसमध्ये सेशन्स कोर्टाने घरातल्या माणसाला दोषी धरलंय आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नाहीये, अशांसाठी आहे हे.

निकालाच्या दिवशी काय होतं ते आधी बघा. जज दोषी म्हणून सांगतात, शिक्षेवर ऐकून घेतात, कधी त्याच दिवशी कधी दोन दिवसांनी, मग जन्मठेप आणि दंड, आणि खाली पोलिसांची गाडी उभीच असते. तीन-चार वर्षं जामिनावर घरी असलेला पोरगा अंगावरच्या कपड्यानिशी आत जातो. आई डबा घेऊन गाडीमागे, भाऊ कुणाला तरी फोन लावतोय, आणि नकलेचा अर्ज करायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांनी गाडीमागे जाऊ नका, एकाने कोर्टात थांबा आणि त्याच दिवशी निकालाच्या सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाका.

का ते सांगतो. सेशन्सच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात, फाशी असेल तर ३०. आता नक्कल तयार व्हायला जे दिवस लागतात ते या मुदतीतून वजा होतात, पण वजाबाकी सुरू होते अर्ज केल्यापासून, निकाल लागल्यापासून नाही. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, असल्या तारखा असतात, हायकोर्टात तपासणारा माणूस आधी तोच शिक्का बघतो. मुदत गेली तर संपलं असं नाही, उशीर माफीचा अर्ज करता येतो आणि आत बसलेल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं त्यात फार ताणत नाहीत, पण एक अर्ज वाढला, एक सुनावणी वाढली, तेवढे दिवस तो आत.

याशिवाय निकालपत्राची एक प्रत आरोपीला फुकट आणि लगेच मिळायला हवी, नवीन कायद्यात म्हणजे बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) मध्ये ते कलम ४०४ आहे, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) ३६३ होतं. ही काही मेहरबानी नाही. १९७८ साली एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं होतं, कैद्याला निकालाची प्रत द्या, दिल्याची सही घ्या, वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. त्यामुळे जेलमध्ये पहिल्या भेटीला गेलात की पहिला प्रश्न हाच, निकालाचे कागद हातात आले का.

कलमांच्या आकड्यांवरून गोंधळू नका. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर खुनाला आयपीसी (भारतीय दंड संहिता) ३०२, त्यानंतरची असेल तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १०३. अपीलाचं कलम आधी सीआरपीसीत ३७४ होतं, आता बीएनएसएसमध्ये ४१५. शिक्षा स्थगितीचं आधी ३८९, आता ४३०. वकिलांच्या तोंडात अजून जुनेच आकडे आहेत, तुम्हीपण दोन्ही लक्षात ठेवा.

अपील मुंबई हायकोर्टाच्या कुठल्या बेंचला हे जिल्ह्यावर ठरतं. विदर्भाचं नागपूर, मराठवाडा आणि जळगाव-धुळे-नंदुरबार-अहिल्यानगरचं छत्रपती संभाजीनगर, गोव्याचं पर्वरी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला. पुणे, नाशिक, ठाणे वगैरे मुंबईलाच. आधी सोलापूरची माणसं रात्रीच्या गाडीने मुंबईला जायची आणि तारीख पडली की तशीच उलटी, ते तरी आता वाचलं.

वकील कोण हा मोठा प्रश्न. खालचेच वकील वर चालवतील का, चालवू शकतात, पण माझं वैयक्तिक मत असं की अपील दुसऱ्या डोळ्याने वाचलेलं बरं, कारण ज्याने उलटतपास घेतलाय त्याला स्वतःच्या उलटतपासातली भोकं दिसत नाहीत. खालच्या वकिलांशी भांडून मात्र येऊ नका, त्यांच्याकडची फाईल, टिपणं, चार्जशीटची प्रत हे सगळं लागणार आहे. पैसे नसतील तर लाजू नका, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. जेलमधूनच अर्ज जातो, नाहीतर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे जा, नाल्साचा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा) हेल्पलाइन नंबर १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील असं सरसकट नसतं, काही फार मन लावून चालवणारे बघितलेत मी. आणि पैसे देऊनही फोन न उचलणारे पण बघितलेत.

वकीलपत्रावर सही आरोपीची लागते, ती जेलमध्ये होते आणि जेल अधिकाऱ्याचा शिक्का लागतो, याला कधी एक दिवस लागतो कधी आठ. वकील ठरायच्या आधीच दोन-तीन कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या घेऊन ठेवणारे लोक असतात, तसलं करू नका. काहीच जमलं नाही तर कैदी जेल सुपरिटेंडंटमार्फत स्वतः अपील पाठवू शकतो, त्याला जेल अपील म्हणतात, तेपण तितकंच खरं अपील असतं.

अपील दाखल करताना सोबत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडा असा अर्ज जातो. इथे लोकांच्या अपेक्षा फार असतात. खटला चालू असताना जामीन होताच की, मग आता का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. तर फरक असा की तेव्हा तो कायद्याने निर्दोष होता, आता दोषी ठरलाय. जन्मठेपेच्या केसमध्ये सरकारी वकिलाला ऐकल्याशिवाय हा अर्ज मंजूर करता येत नाही, आणि कोर्ट बघतं ते हे की निकालात वरवर बघूनही दिसेल अशी मोठी चूक आहे का, हा माणूस सुटण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे का. आधी जामिनावर असताना गैरफायदा घेतला नाही हे उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर होत नाही. पहिल्यांदा नाकारला तर काही वर्षं आत काढल्यावर परत करता येतो, कारण अपील बोर्डावर म्हणजे सुनावणीच्या यादीत यायलाच वर्षं जातात आणि १९७७ च्या कश्मिरा सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की तुम्ही पाच-सहा वर्षं अपील ऐकू शकत नसाल तर माणसाला तोपर्यंत आत ठेवणं न्यायाला धरून नाही. ज्याच्यावर मयताला फक्त धरून ठेवलं असा आरोप आहे त्याला हे आधी मिळतं, ज्याच्या हातात चाकू सांगितलाय त्याला अवघड जातं. तीन भावांपैकी दोघं बाहेर आणि एक आत, मग घरात वाद, हे पण होतं.

आता मुख्य गोष्ट, आणि हे नीट वाचा कारण याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. अपीलात नवीन साक्षीदार येत नाहीत. हायकोर्टात आरोपी उभा राहून खरं काय झालं ते सांगतो असंही नसतं. खाली जे साक्षीत बोललं गेलं आणि ज्या कागदांवर निशाणी (पुराव्याचा नंबर) पडली तेवढ्यावरच सगळं चालतं. पुरावा नव्याने घ्यायची सोय कायद्यात आहे पण अगदी क्वचित वापरली जाते. त्यामुळे फितवलेल्या साक्षीदाराचं पाचशेच्या स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र, 'मी कोर्टात खोटं बोललो होतो', हे घेऊन वकिलाकडे येऊ नका. दर वर्षी कोणीतरी येतंच. त्याने काही होत नाही, झालंच तर तो साक्षीदार खोट्या साक्षीत अडकतो आणि तुमचा माणूस साक्षीदार फोडतो असं दिसतं. मयताच्या घरच्यांशी तडजोड हा पण मार्ग नाही, खुनाचा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही, आणि त्या घरातला माणूस गेलेला आहे, त्यांच्या दारात जाऊन बसू नका.

म्हणून कागद मिळवा आणि वाचा. निकाल सगळे वाचतात, साक्षी कोणी वाचत नाही. सगळ्या साक्षीदारांचे सरतपास-उलटतपास, फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (प्रेताचा पंचनामा), पीएम नोट्स (पोस्टमॉर्टेमचा अहवाल), जप्ती पंचनामे, सीए रिपोर्ट (रक्त वगैरेच्या लॅब तपासणीचा अहवाल), आणि आरोपीचा शेवटचा जबाब ज्यात कोर्ट त्याला प्रश्न विचारतं. मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतर करून पेपरबुक म्हणजे हायकोर्टासाठी सगळ्या कागदांचा एकत्र गठ्ठा तयार होतो, त्या भाषांतरात चुका असतात, मी स्वतः 'पाठीत' चं 'पोटात' झालेलं बघितलंय, मूळ मराठीशी ताडून बघायला घरातलं कोणीतरी शिकलेलं पोरगं बसवा, हे काम वकिलापेक्षा तुम्ही चांगलं कराल.

वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. एक, यानेच मारलं हे शाबित झालंय का. दोन, मारलं असेलच तर तो खून आहे की सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव गेला पण कायद्याने खुनापेक्षा कमी गंभीर गुन्हा. कायद्याने दोन्ही मांडता येतं, पण तोंडी युक्तिवादात अर्धा तास 'तो तिथे नव्हताच' आणि पुढचा अर्धा तास 'अचानक भांडण झालं म्हणून वार झाला' असं केलं की दोन्ही पातळ होतं. कागद काय म्हणतात ते बघून कुठल्यावर जोर द्यायचा हे वकिलाशी बसून ठरवा, घरच्या अभिमानावर ठरवू नका.

पहिल्या प्रश्नासाठी कुठे बघायचं. डोळ्यांनी बघितलं म्हणणारा साक्षीदार घटनास्थळी कशासाठी आला होता, अंधार होता का, पंचनाम्यात विजेचा खांब लिहिलाय का आणि किती लांब. त्याचा पोलीस जबाब कधीचा आहे, त्याच दिवशीचा की चार दिवसांनंतरचा, आणि उशीर का याचं उत्तर तपास अधिकाऱ्याने दिलंय का. पोलीस जबाबात नसलेली मोठी गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगितली का, याला ओमिशन म्हणतात, पण ती उलटतपासात विचारून तपास अधिकाऱ्याकडून शाबित करून घ्यावी लागते, खालच्या वकिलाने ते केलं नसेल तर वर बोंब मारून उपयोग कमी. किरकोळ फरकांवर उड्या मारू नका, एकाने शर्ट निळा सांगितला एकाने काळा यावर कोणी सुटत नाही. एकच साक्षीदार आहे म्हणूनही सुटत नाही, वडिवेलू थेवर केसमध्ये १९५७ सालीच ठरलंय की साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात.

चाकू जप्तीचा पंचनामा हा तर खजिना असतो. आरोपी कोठडीत म्हणतो चाकू लपवलाय, काढून देतो, मग पंचांसमोर झुडपातून चाकू निघतो. यातला फक्त 'लपवलाय, काढून देतो' एवढाच भाग पुराव्यात घेता येतो, 'याच चाकूने मी त्याला मारलं' हा भाग नाही. हे स्वातंत्र्याच्या आधी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्या केसमध्ये ठरवलंय आणि आजही तेच चालतं, तरी खालच्या निकालात कधीकधी पूर्ण वाक्य वापरलेलं सापडतं. मग बघा जागा उघडी होती का जिथे कोणीही ठेवू शकतं, पंच फितूर झाले का, चाकू तिथेच सील केला का, लॅबला किती दिवसांनी गेला आणि तोपर्यंत मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता. सीए रिपोर्टमध्ये चाकूवर माणसाचं रक्त, एवढंच असतं कित्येकदा, गट 'अनिर्णित'. किंवा मयताचा आणि आरोपीचा गट एकच निघतो, मग त्या रक्ताला फारसा अर्थ उरत नाही.

प्रत्यक्ष बघणारं कोणी नसेल आणि सगळं परिस्थितीजन्य असेल तर शरद बिरधीचंद सारडा केस, १९८४, महाराष्ट्राचीच, त्यातली पाच तत्त्वं ज्याला वकील लोक पंचशील म्हणतात. साखळीची एक कडी जरी तुटली तरी शिक्षा टिकत नाही. आणि आरोपीच्या शेवटच्या जबाबात जी गोष्ट त्याला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, म्हणून ते कंटाळवाणे प्रश्न एकेक करून निकालाशी ताडून बघा.

दुसरा प्रश्न पीएम नोट्समध्ये दडलेला असतो. रकाना १७ काढा. बाहेरच्या जखमा त्यात असतात, लांबी, रुंदी, खोली, जागा. एकदा एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आलेले, पाण्याच्या पाळीवरून भांडण, निकालात लिहिलेलं की आरोपीने 'सपासप वार केले', आणि रकाना १७ मध्ये जखमा दोन, त्यातली एक तळहातावर, दोन सेंटीमीटर, वरवरची, म्हणजे जीवघेणा वार एकच. ते गृहस्थ इतकी वर्षं सपासप हा शब्दच डोक्यात घेऊन फिरत होते. अर्थात एकच वार होता म्हणून आपोआप खून नाही असं होत नाही, विरसा सिंग केसमध्ये, १९५८, भाल्याचा एकच घाव होता पोटात, तरी सुप्रीम कोर्टाने खूनच धरला, कारण ती जखम मुद्दाम केलेली आणि नेहमीच्या क्रमात मरण आणायला पुरेशी होती. हे 'पुरेशी होती' डॉक्टरने साक्षीत म्हटलंय का ते शोधा, आणि मुद्देमालातला चाकू डॉक्टरला दाखवून या जखमा याने होतील का असं विचारलंय का तेही. 'दवाखान्यात वेळेत उपचार झाले असते तर वाचला असता' हा मुद्दा घरच्यांना फार आवडतो, पण कायद्यातच लिहिलंय की त्याने मृत्यूची जबाबदारी जात नाही.

मग खुनाच्या व्याख्येतला जो अपवाद ४ आहे, अचानक भांडण, आधीचा बेत नाही, रागाच्या भरात, आणि गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तो लागू होतो का. यात सुरुवात कोणी केली याला महत्त्व नाही असं कायदाच म्हणतो. बघायचं ते असं की चाकू घरून कमरेला लावून आणला की तिथलाच भाजी कापायचा उचलला, आधीचं वैर होतं का, मयत खाली पडल्यावर परत मारलं का, मारल्यावर पळाला की दवाखान्यात न्यायला धावला. २००६ च्या पुलिचेर्ला नागराजू निकालात अशी बऱ्याच मुद्द्यांची यादीच दिली आहे, वकिलाला विचारा आपल्या केसमध्ये त्यातले किती बसतात. आरोपीच्या अंगावर जखमा होत्या का हे पण बघा, अटकेच्या वेळचं मेडिकल सर्टिफिकेट असतं, मोठ्या जखमा असतील आणि सरकार पक्षाने त्या कशा झाल्या सांगितलं नसेल तर भांडणाची खरी गोष्ट त्यांनी लपवली असं म्हणता येतं. हे जमलं तर खुनाचं कलम जाऊन सदोष मनुष्यवधाचं ३०४, नवीन १०५ लागतं, त्याच्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त १० वर्षं. पाच-सात वर्षं आत झालेली असतील तर कोर्ट कधीकधी भोगली तेवढीच शिक्षा पुरे म्हणतं आणि माणूस घरी येतो.

एक गोष्ट सगळे विसरतात. घटनेच्या दिवशी त्याचं वय किती होतं? शाळा सोडल्याचा दाखला काढा. १८ पूर्ण नसतील तर हा मुद्दा कधीही घेता येतो, खाली घेतला नसेल तरी, निकाल अंतिम झाल्यावर सुद्धा, २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ९ आहे. दाखल्यात दुरुस्त्या करून आणू नका म्हणजे झालं, मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन बोलावतात.

अपील ॲडमिट झालं, म्हणजे हायकोर्टाने सुनावणीसाठी दाखल करून घेतलं, की वाट बघणं आलं. जन्मठेपेचं अपील दोन जजांच्या बेंचपुढे चालतं. केस नंबर लिहून ठेवा, हायकोर्टाच्या वेबसाइटवर स्टेटस आणि बोर्ड दोन्ही दिसतं, आठवड्यातून एकदा बघा, वकिलाला रोज फोन करू नका. वकील गैरहजर राहिला म्हणून फौजदारी अपील नुसतं फेटाळता येत नाही, बनी सिंग, १९९६, गुणदोषावरच निकाल द्यावा लागतो, पण तुमचं म्हणणं मांडायला कोणी नसताना लागलेला निकाल काय कामाचा. आणि घाबरू नका, आरोपीच्या स्वतःच्या अपीलात शिक्षा वाढत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं.

या काळात आतल्या माणसाचं जेल रेकॉर्ड चांगलं राहू दे, फर्लो-पॅरोलला म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या सुट्टीला तेच लागतं. १४ वर्षांत आपोआप सुटतो हे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, जन्मठेप म्हणजे जन्मभर, १४ वर्षं ही सुटकेचा विचार सुद्धा होण्याआधीची किमान मुदत आहे.

निकाल विरुद्ध गेला तर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी याचिका, ९० दिवस. सुटला तर आदेश जेलला पोचेपर्यंत त्याच्यावर दुसरी एखादी केस किंवा जुनं वॉरंट आहे का ते बघून ठेवा, नाहीतर गेटवर गाडी घेऊन उभे राहता आणि आतून निरोप येतो की आज नाही सोडत.